व्यवसायाची जागा : आगर

माझी सून दीपाली जागेपणी स्वप्नं बघते. भाताला आधण ठेवते आणि खिडकीतून मागच्या आगराकडे बघत उभी राहते. पाणी आटून जातं, पण बाईसाहेब काही परत येत नाहीत. मग मी ओरडते. माझं तोंड तिखट आहे हे अख्ख्या वाडीला माहीत आहे. पण खरं सांगू, तिच्या स्वप्नात माझा मुलगा हर्षद असतो, म्हणून ओरडून झालं की मीही हळूच तिच्या शेजारी जाऊन उभी राहते.

हर्षद मुंबईला एका गोदामात कामाला आहे. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, की पुन्हा बॅग भरतो. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय. दीपालीचं म्हणणं साधं होतं : आगरात रातांब्यांची, म्हणजे कोकमाची, झाडं आहेत, सरकारी योजनेतून ड्रायर घ्यायचा, आमसुलं सुकवून विकायची आणि हर्षदने कायमचं घरी यायचं. हेदवीच्या मेळाव्यात तिने या योजनेचं ऐकलं, थोडं अनुदान सरकारचं, बाकी कर्ज बँकेचं. त्या दिवसापासून तो ड्रायर जणू आमच्याकडे राहायलाच आला. आगरात जिथे तो ठेवायचा होता, तिथून ती वळसा घालून चालायची. काही दिवसांनी बघते तर मीही वळसा घालत होते!

सेवा केंद्रातल्या सानवीच्या मदतीने तिने अर्ज भरला. कागदपत्रं जोडली, फोटो जोडले. आणि पंधरवड्याने मोबाइलवर निरोप आला : अर्ज त्रुटीत. 'व्यवसायाची जागा आगाराची असल्याने परिवहन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडावे.'

मला आधी काही कळेना. मग दीपालीने कपाळावर हात मारला. तिने जागेच्या रकान्यात 'आमचे आगर' असं लिहिलं होतं. आमच्याकडे आगर म्हणजे घरामागची नारळी-पोफळीची बाग, शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण अर्ज तपासणारे साहेब पडले देशावरचे. त्यांना वाटलं बाई काना द्यायला विसरली, हे एसटीचं आगार!

तवसाळहून फेरीबोटीने जयगड, तिथून गाडीने रत्नागिरी, असं करत आम्ही दोघी ऑफिसात पोचलो. साहेब तरुण होते, वागायलाही बरे होते.

"मावशी, डेपोच्या आवारात आमसुलं कशी वाळवणार?" त्यांनी विचारलं.

"गाडीच्या टपावर घालू की," मी म्हटलं. "गुहागरास्नं सुटली की चिपळुणास वाळून तयार!"

दीपालीने मला कोपर मारलं आणि स्वतः सांगायला लागली. आगरात शिरलं की ऊन कसं खाली पोचेपर्यंत हिरवं होतं, पाटाचं पाणी पोफळींच्या बुंध्यांशी कसं थांबत थांबत जातं, रातांबे पिकले की त्यांचा आंबूस वास माजघरापर्यंत कसा येतो. सालांना त्यांच्याच रसाची पुटं द्यायची, वाळवायची, पुन्हा पुटं द्यायची. बोलता बोलता ती तिथे नव्हतीच. साहेबांचं पेन हातातच राहिलं. पंखा फिरत होता आणि मलाही पाटाचं पाणी ऐकू यायला लागलं.

"आमच्याकडे एवढं पाणी प्यायला नसतं," साहेब हळूच म्हणाले. त्यांनी ती त्रुटी काढून टाकली आणि पुढचं पान उघडलं. "काम कोण करणार?"

"मी, ह्या आई आणि आमचे हे."

"ते कुठे असतात?"

"मुंबईस."

साहेबांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. "अर्जात तर ते घरीच राहतात असं लिहिलंय."

दीपाली त्या अक्षरांकडे बघत राहिली. "लिवताना ते हितंच होते, साहेब," ती म्हणाली.

साहेब हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात पाहणी आहे, म्हणाले. हर्षद घरी राहून काम करणार असं दिसलं, तरच अर्ज बँकेकडे जाईल. मंजुरीचं मात्र आत्ता काहीच सांगता येत नाही. म्हणजे धंदा उभा राहायच्या आधीच त्याने नोकरी सोडायची.

परतताना बोट खाडीत आली तेव्हा दीपालीने हर्षदला फोन लावला. सगळं सांगितलं, डेपोची गंमतसुद्धा सांगितली. तो खूप हसला. मग म्हणाला, आईला दे, तेव्हा तिने फोन माझ्या हातात दिला.

"आई, नाय मंजूर झालं तर?" त्याने विचारलं.

समोर पाणी इतकं शांत होतं की बोट चाललीय की किनारा, कळत नव्हतं. मशीन, बँक, साहेब, काही म्हणजे काही माझ्या डोक्यात उरलं नाही.

"नाय तर नाय," मी म्हटलं. "तू ये. मला तू घरात हवायस."



"हां," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत हे कोणी बोललाच नाय गो."