दुसरा चरण

मुलगी पाहायला आलेल्यांनी सुईत दोरा ओवायला सांगावा, फार तर पत्र वाचून घ्यावं. चिकोडीहून आलेल्या काकांनी आमच्या पद्मजेला चक्क त्रिकोणमिती विचारली. सन छत्तीसची गोष्ट. पद्मजा तेव्हा बेळगावच्या कॉलेजात इंटरला होती, आणि लग्नानंतरही बी.ए. पुरं करायचं हा तिचा एकच हट्ट होता. मुलगा रघुवीर, काकांचा पुतण्या, हायस्कुलात गणिताचा मास्तर. तिला पुढे शिकू द्यायला त्याचा होकार होता. असं स्थळ हातचं जाऊ नये, असं तिची थोरली बहीण म्हणून मलाही वाटत होतं.

"ए विशालकोन, साइन तीन पंचमांश," काका म्हणाले. "बी लघुकोन, साइन पाच तेरांश. दोन्हींची बेरीज कुठल्या चरणात? टेबल बघायचं न्हाई हं."

पद्मजेनं मान खाली घालून मनातच आकडेमोड केली. "ए विशालकोन, म्हणून त्याचा कोसाइन वजा चार पंचमांश. बेरजेचा साइन सोळा पासष्टांश, धन. कोसाइन वजा त्रेसष्ट पासष्टांश. दुसरा चरण."

"चुकलं! दोन्ही धन येतात. पहिला."

काका ते वजा चिन्ह खुशाल गिळून बसले होते. अहो, पहिला चरण नव्वद अंशांपर्यंतच; नव्वदाच्या पुढच्या कोनात भर घालून तो नव्वदाच्या आत कसा येईल? घागरीत पाणी ओतून ती रिकामी होते काय? माझा नुसता जळफळाट झाला. पण पाहण्याच्या बैठकीत मुलीकडच्यांनी वरपक्षाची चूक काढायची नसते. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, निमूटपणे पोह्यांची बशी पुढे सरकवली. पद्मजा रघुवीरकडे बघत राहिली आणि रघुवीर सतरंजीकडे.

निघताना काका टांग्यात जाऊन बसले. रघुवीर मागे रेंगाळला आणि पायरीवर चप्पल घालता घालता हळूच पुटपुटला, "तुमचंच बरोबर होतं. काका चिन्ह विसरले."

पद्मजेनं नुसती मान हलवली. टांगा वळल्यावर आत येऊन तिनं सांगितलं, हे स्थळ नको.

अण्णा चकित झाले. "अगं, मुलगा लई चांगला आहे. बी.ए.लासुद्धा हो म्हणालाय की."

"म्हणालाय, अण्णा. पण काका नको म्हणतील, तेव्हाही तो चप्पल घालतानाच बोलेल."