ढब्बूच्या तोंडातली गाठ

चिमटेबाबांनी दोन बोटं कुत्र्याच्या तोंडात घातली आणि सभागृह श्वास रोखून बसलं.

"निघ बाहेर! आगीत जा, राख हो!" बाबा गरजले. बोटं बाहेर आली तेव्हा चिमटीत मांसाचा रक्ताळलेला गोळा होता. ना सुरी, ना टाका! गोळा लगेच पेटत्या शेगडीत पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

ढब्बूची मालकीण तेवढी टाळी वाजवू शकली नाही. तिने दोन्ही हातांनी कुत्र्याला धरून ठेवलं होतं.

गल्लीत तिला कवळीवाली म्हणत. दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या घडवण्यात तिचं आयुष्य गेलेलं. असल्या भानगडींत पडणारी बाई नव्हे ती. पण प्राण्यांची डॉक्टरीण म्हणाली होती, "कर्करोग आहे. खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागेल." दिवसभर प्लास्टरचे जबडे कापणारी ती बाई हे ऐकून गर्भगळीत झाली. जबड्याचा तुकडा गेला की तोंडाचं काय होतं, हे तिच्याइतकं कोण जाणणार? पुढचं काही न ऐकताच ती ढब्बूला घेऊन पळाली. नणंदेने बाबांचं नाव काढलं आणि ती मुकाट तिच्यामागे गेली.

बाबांनी लेपाची डबी दिली होती. "जेवणाआधी गालाच्या आतून बोट फिरवायचं. पण तोंड उघडून बघायचं नाही हं! नजर लागली की गाठ परत येते."

लेप लावला की ढब्बू खरंच जेवायचा. "बघ वहिनी, सांगत नव्हते मी?" नणंद म्हणायची. पण त्याच्या तोंडाची दुर्गंधी वाढत होती. पाण्याच्या भांड्यात रक्त दिसलं तेव्हा कवळीवालीचा हात त्याच्या जबड्याकडे गेला आणि तसाच मागे आला. बघावं तर गाठ परत येणार. आणि न बघावं तर?

एका सकाळी लेप लावून होताच ढब्बूने लाडात येऊन तिचं तोंड चाटलं. जरा वेळाने तिने चहाचा घोट घेतला, तो ओठावरून ओघळून अंगावर सांडला. ओठ बधिर झाला होता. ती जागीच गारठली. दात काढण्याआधी हिरडी बधिर करायला लावतात ते मलम तिच्या चांगल्याच ओळखीचं होतं. लेपात तेच होतं.

"वहिनी, नको उघडूस! नजर..."

"नजर गेली खड्ड्यात! बॅटरी धर."

गाठ होती तिथेच होती, आणि चांगली फुगली होती. नणंदेनेच रिक्षा बोलावली.

"मी उशीर केला का हो?" प्राण्यांच्या दवाखान्यात कवळीवालीने आधी हेच विचारलं.

डॉक्टरिणीने नव्या तपासण्या पाहिल्या. "वाढलीय. पण अजून इतरत्र पसरलेली दिसत नाही. आता मात्र पुरतं ऐका. तुकडा काढला की तिथे धातूची पट्टी बसवते. मधल्या जागेत हाड वाढवणाऱ्या औषधात भिजवलेला स्पंज. त्यात हळूहळू ढब्बूचंच हाड भरतं."

"नक्की?"

"बहुतेक. काहींना त्रास होतो. शंभर टक्के हमी फक्त बाबा देतात."

"पण तो गोळा तर आम्ही डोळ्यांनी पाहिला!" नणंद म्हणाली.

डॉक्टरिणीने टेबलावरच्या कुत्र्याच्या प्लास्टरच्या कवटीत बोटं घातली आणि कापसाचा लालभडक बोळा ओढून काढला. नणंद किंचाळली. "अंगठ्यामागे आधीच लपवला होता," डॉक्टरीण म्हणाली. " बाबा मांसाचा तुकडा लपवतात. आणि कुणी तपासू नये म्हणून लगेच जाळतात."

शस्त्रक्रिया चालू असताना कवळीवाली बंद दाराकडे बघत बसली होती. आपल्या भित्रेपणाची किंमत ढब्बूला मोजायला लागू नये, एवढंच तिच्या मनात होतं. काढलेला तुकडा डॉक्टरिणीने जाळला नाही. बाटलीत घालून तिला दाखवला आणि प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं: कापलेल्या कडेला रोग नाही, म्हणजे गाठ पूर्ण निघाली. त्या दिवशी ती पोटभर रडली.

नवं हाड भरल्यावर ती आणि नणंद ढब्बूला घेऊन सभागृहाच्या दारात उभ्या राहिल्या. आत जाणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या कडेवर मांजर होतं.

"काका," कवळीवाली म्हणाली, "बाबा गाठ काढतील तेव्हा ती जाळू देऊ नका, मागून घ्या. घरी गेल्यावर तोंड उघडून बघा. ज्याला तुम्ही बघितलेलं चालत नाही, त्याचं ऐकू नका."

म्हातारा थबकला. ढब्बूने तिचं तोंड चाटलं. तिने सवयीने घाबरून ओठ चाचपला. ओठ ओला होता आणि तिला तो नीट जाणवत होता.