मेजवानीला गरीब हवेत

रूपचंद नानांनी भजं तोंडात कोंबलं, तेलकट बोटं सोफ्याच्या कव्हरला पुसली आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "मोठ्या मेजवानीचा दृष्टांत घ्या. खाण्यापिण्याचं म्हटलं की लोकं येतात." सगळे खो खो हसले. रत्नाला हसू आलं नाही. त्या कव्हरकडे बघूनच तिला कसंतरी झालं.

पिंप्राळ्यातल्या चर्चची कमिटी पाळकसाहेबांच्या घरी बसली होती. सकाळची उपासना उरकली होती, बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि कूलर नुसताच खडखडत होता. पुढच्या महिन्यात येशूच्या दृष्टांतांवर एक खास उपासना करायची होती. मिशनचे मोठे साहेब येणार होते ना, म्हणून हा सगळा आटापिटा! एरवी याच लोकांना उपासना कधी संपते आणि मटणाच्या दुकानापुढे कधी उभे राहतो असं झालेलं असतं. गाणी बसवायचं काम रत्नाकडे होतं. लग्न होऊन जळगावला आली तेव्हापासून ते तिच्याकडेच, कारण बाकी कुणाला सूर धरता येत नव्हता. शेजारी तिचा नवरा ललित मोबाईलवर अंगठा फिरवत बसला होता. तो कमिटीचा सेक्रेटरी.

तसे बाकीचे दृष्टांतही निघाले होते. हरवलेलं मेंढरू नको, ते जिवंत आणलं तर हॉलमध्ये घाण करील. श्रीमंत माणूस आणि त्याच्या दारातला भिकारी लाजर नको, असं तर नानांनी फारच घाईनं सांगितलं. लाजराच्या जखमा चाटायला कुत्रे कुठून आणायचे, हे त्यांचं कारण. नानांची डाळमिल आहे आणि बंगल्याच्या फाटकावर वॉचमन आहे, हे कुणी बोललं नाही. बोलणार कोण? चर्चचे पंखे त्यांनीच दिलेले.

मेजवानीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. गोष्ट सोपी. एका माणसानं मोठं जेवण घातलं, मानाच्या लोकांना आमंत्रणं दिली. ऐन वेळी एक म्हणाला मी शेत घेतलंय, एक म्हणाला बैल घेतलेत, एक म्हणाला माझं नुकतंच लग्न झालंय. यजमान खवळला. त्यानं चाकराला रस्त्यावर पाठवलं आणि लंगडे, आंधळे, भिकारी आणून घर भरलं. आता हे नुसतं वाचायचं नाही, करून दाखवायचं, असं ठरलं. आणि मग काय विचारता, आमंत्रितांच्या कामांसाठी जी झोंबाझोंबी लागली!

महिला मंडळाच्या कमलबाई म्हणाल्या, "शेत घेणाऱ्याची बायको मी होते. माझा नवा हार पण घालता येईल."

"बाई, त्या दृष्टांतात शेतवाल्याची बायको नाहीये," पाळकसाहेब चाचरत म्हणाले.

"नाहीये तर घाला. तुम्हाला काय जातंय?"

आणि पाळकसाहेबांनी घातली की! बैलवाल्याचं काम नानांनी स्वतःकडे घेतलं, सफारी शिवून तयारच होती. लग्न झालेला म्हणून ललितचं नाव निघालं, तसा तो मोबाईल ठेवून लाजला. त्याच्या शेजारी रत्नानं शालू नेसून नवरी म्हणून बसायचं. रत्नाला कुणी विचारलं नाही. ती मनात म्हणत होती, अरे लोकांनो, ज्यांनी यजमानाचा अपमान केला त्यांची ही कामं, आणि तुम्ही त्यांच्यासाठी भांडताय?

"आता गरीब कोण?" पाळकसाहेबांनी विचारलं.

आत्तापर्यंत कलकलणारी माणसं भज्यांच्या ताटलीत बघायला लागली. कमलबाईंनी आपल्या नातवाचं नाव निघण्याआधीच सांगून टाकलं, "आमच्या तेजसला लंगडा-बिंगडा करायचं नाही हं. शुभ बोला." कुणी म्हणालं, स्टेशनबाहेरचे भिकारी आणू. त्यावर कमलबाईंनी नाकाला पदर लावला, जणू ते भिकारी दारात येऊन उभेच होते. "वास मारतात हो. साहेबांच्या पुढ्यात?"

नानांनी दातातलं मिरचीचं साल नखानं काढलं, बघितलं आणि परत खाल्लं. "एवढं डोकं कशाला चालवताय? साक्रीकडची आपली भिल्ल मंडळी आहे की. वनाची. विश्वासी माणसं, चर्चमध्ये कसं बसावं ते त्यांना शिकवायला नको. एका पिकअपमध्ये सगळी येतील. आणि मेकअपचा खर्चही नाही!"

खोली हसण्यानं भरून गेली. पाळकसाहेबसुद्धा हसले, नंतर खोकल्यासारखं केलं.

वना म्हणजे रत्नाचा बाप. साक्री तालुक्यातल्या त्या वस्तीवर सुवार्तिक आहे, उपासना चालवतो, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कमलबाईंनी रत्नाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नको गं. तुझं वेगळं. तू आता आमच्यातली झालीस." हात भज्याच्या तेलानं चिकट होता. रत्नानं गुडघा बाजूला घेतला.

तिला आपली वस्ती दिसायला लागली. तिथे रविवारी बाया तांब्यात निखारे घालून शर्टांना इस्त्री करतात. गेल्या कापणीच्या सणाला हीच कमिटी तिथे गेली होती. वस्तीनं कोंबड्या कापल्या, यांना खाटांवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसून वाढलं. याच नानांनी हाडं चोखून चोखून खाल्ली होती. आणि आता त्याच माणसांना फाटकं नेसवून आंधळे-लंगडे म्हणून ओळीनं बसवायचं? वर कमलबाई पुढचं ठरवतही होत्या. साहेबांबरोबर कमिटी आत टेबलावर जेवील, वस्तीवाल्यांना मागच्या मांडवात कागदी ताटल्यांत द्या, ताटं घासायची कटकट नको.

"नाना," ती म्हणाली, "या दृष्टांताचा शेवट वाचलाय का तुम्ही? यजमान म्हणतो, मी ज्यांना आधी बोलावलं होतं त्यांच्यातल्या एकालाही माझ्या जेवणाची चव मिळायची नाही. म्हणजे तुम्हाला, कमलबाईंना, आम्हाला. मग त्या दिवशी आपण जेवायचं नाही. टेबलावर वस्ती बसेल."

मग नाना म्हणाले, "तेवढं वचन गाळा."

"गाळा?"

"त्याच्या आधीच्या वचनापर्यंत वाचा. घर भरलं, संपलं. छान शेवट होतो."

रत्नानं पाळकसाहेबांकडे बघितलं. माणूस दर रविवारी शास्त्रातला कानामात्राही बदलू नये म्हणून व्यासपीठावर मुठी आपटतो. आता त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "वेळेचाही प्रश्न आहेच." ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा, असं झालं. सगळे हात वर गेले. ललितचाही गेला, काखेत घामाचा ओला डाग घेऊन. ज्या हातानं वनाच्या पाया पडून हिला मागून आणलं, तोच हात. थू! रत्नाला त्याच्या शेजारी बसवेना.

"लाव आता बापाला फोन," नाना म्हणाले. "स्पीकरवर ठेव, आम्हालाही कळू दे. आणि सांग, नवे कपडे घालून येऊ नका म्हणावं. आहेत तसेच या."

रत्नानं फोन लावला.

"बोल बेटा, जेवनी का?" वनाचा आवाज आला.

"आबा, आठे चर्चमा मोठं जेवन शे. तुमले बठ्ठासले बलावतस."

"बठ्ठी मंडळीले?" सगळ्यांनाच बोलावलंय म्हटल्यावर वना एवढ्या मोठ्यानं हरखला की फोन घरघरला. "मंग आम्ही गाना म्हनसूत! बाया नवा लुगडा नेसतीन."

कमलबाईंनी पदरात तोंड घालून हसू दाबलं. नाना हातानं खुणा करायला लागले, नवे नाही, नवे नाही. खानदेशातलीच माणसं ही, अहिराणी सगळ्यांना समजते. सगळ्यांना समजणार होतं, म्हणूनच रत्नानं आवाज मुळीच बारीक केला नाही.

"गाना नही आबा. ह्या लोके मेजवानीनी गोष्ट करी दखाडतस. तुमले फाटेल कपडा घालीसन भिकारी म्हनीसन बसाडतीन. जेवन बाहेर, कागदनी ताटलीमा."

वनानं हळूच विचारलं, "आनि तू? तू कोठे बसशी?"

रत्नानं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं होतं.

"मी तठे येसु, आबा. त्या रविवारले तुमना जोडे बससु. तुम्ही कोनी आठे येऊ नका."

त्या रविवारी आपण वस्तीवर बापाशेजारी बसणार, एवढं सांगून तिनं फोन बंद केला आणि गाण्यांची वही टेबलावर टाकून उठली. मागून नानांचा आवाज आला. बिचाऱ्यांना राग नव्हता आला, खरोखरची काळजी लागली होती. "अहो, मग आता गरीब कुठून आणायचे?"

ती चपला घालून गल्लीत आली. ललित धावत मागं आला. आला तेव्हा तिला वाटलं, काहीतरी बोलेल, निदान चुकलं म्हणेल. तो स्कूटरपाशी थांबून म्हणाला, "जा ना तू, मी कुठं अडवलंय? पण शालू नेसून माझ्या शेजारी कोण बसणार? साहेबांना सांगू काय?"

"सांगा, माझी बायको वना भिल्लाची पोरगी आहे आणि ती बापाकडे गेलीय," रत्ना म्हणाली. "लग्नाला सात वर्षं झाली, एकदाही तुमच्या तोंडून निघालं नाही. एकदा मोठ्यानं सांगा."

ललितनं तिच्याकडे बघितलंच नाही. आधी समोरच्या गॅलरीत बघितलं, मग कोपऱ्यावरच्या दुकानाकडे, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.