पहिल्या नंबरवरचा चेहरा

मंगलाष्टकं चालू होती, अक्षता पडत होत्या, आणि स्क्रीनवर नवरीचा चेहरा बघता बघता धूसर झाला. कॅमेरा जागचा हलला नव्हता. नवरीही हलली नव्हती. फोकस मात्र तिला सोडून मागं गेला आणि स्टेजच्या कडेला लाईट धरून उभ्या असलेल्या तृप्तीवर जाऊन बसला. टाळ्या वाजेपर्यंत तिथंच. तृप्तीच्या कपाळावरची बारीक टिकलीसुद्धा स्वच्छ दिसत होती, आणि जिचं लग्न ती वैष्णवी नुसता पिवळा डाग.

मी माउसवरचा हात काढला. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले.

मी योगिनी. इंदिरानगरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच आमचा स्टुडिओ आहे. नवरा शेखर लग्नं शूट करतो, मी एडिट करते. म्हणजे हा माणूस दिवसभर कुठं कुठं बघत होता, ते शेवटी सगळं माझ्याच टेबलावर येतं. आणि तृप्ती ही माझी मावसबहीण, सटाण्याची, माझ्याहून बरीच लहान. दिवाळीनंतर लंकाबाई मावशी तिला घेऊन आली आणि म्हणाली, "हिले काहीतरी शिकाड बाई, कॅमेराना लय नाद शे हिले." आमच्याकडच्या पोरी सगळ्या एका साच्यातल्या, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. मीच शेखरला म्हटलं, ठेव हिला, तुला एक जास्तीचा हात होईल. मीच म्हटलं, दुसरं कुणी नाही.

शेखरला हाक मारली. तो आला, वाकून बघितलं, हनुवटी खाजवली.

"लेन्सचा दोष आहे," तो म्हणाला. "पंच्याऐंशी एमएमची लेन्स, त्यात अपर्चर पूर्ण उघडं. फोकसची जागा पापडाएवढी पातळ होते. नवरी जरा पुढं झुकली की गेली."

"हो ताई, लेन्सच ती," मागून तृप्ती म्हणाली.

उंदराला मांजर साक्ष.

लेन्स म्हटलं की आमच्या घरात विषय संपतो. "कॅमेरा बदलून काही होत नाही, काच बदलावी लागते," हे शेखरचं ठरलेलं वाक्य. तसं ते खोटंही नाही. आधी कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स होती, तेव्हा हॉलच्या अंधारात चित्राला नुसते दाणे यायचे आणि ते साफ करता करता माझी मान जायची. मग पस्तीसची आली, मंडपाच्या दाटीत उभं राहून सगळं गोत तिच्यात मावायला लागलं. मग ही पंच्याऐंशीची, खास चेहऱ्यांसाठी. मागचे पडदे, खुर्च्या, बुफेची रांग सगळं विरघळून जातं आणि माणूस तेवढा उरतो. तिचा पहिला व्हिडिओ मीसुद्धा पुन्हा पुन्हा लावून बघितला होता.

पण मी म्हणते, पातळ फोकस चुकला तर कुठंही चुकेल ना. खांबावर बसेल, भटजींच्या उपरण्यावर बसेल, पहिल्या रांगेतल्या जांभया देणाऱ्या काकांवर बसेल. दर वेळी नेमका तृप्तीवरच कसा बसतो?

दर वेळी, हे मी उगाच म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी शेखर बाहेर गेल्यावर मी दिवाळीपासूनच्या सगळ्या लग्नांच्या कच्च्या क्लिपा उघडल्या. ओझरचं लग्न, देवळालीचं लग्न, गंगापूर रोडच्या लॉन्सवरची दोन. जिथं तृप्ती चौकटीत नव्हती, तिथं फोकस नवरीवर गुमान बसलेला. जिथं ती आली, लाईट घेऊन, बॅग घेऊन, नुसती पाणी प्यायला का होईना, तिथं कॅमेरा नवरीला सोडून हिच्या मागं. तिच्या येण्याआधीची लग्नंही उघडून बघितली, त्यांत हे कुठंच नव्हतं.

आता खरं सांगते, मला लेन्सशी काही देणंघेणं नव्हतं. माझ्या नवऱ्याचं मन कुठं आहे, एवढंच मला हवं होतं. माणूस जिथं मनानं असतो तिथंच त्याचा फोकस असतो, हे इतकी वर्षं त्याचंच शूट एडिट करून मी शिकले आहे. आणि ते मन तृप्तीवर असेल, तर मी या घरात राहणार नव्हते. कुणाला बोलले नाही, पण ठरवून टाकलं होतं.

एकदा मनात किडा शिरला की मग सगळीकडं तेच दिसतं. मिसळ आणली की शेखर तृप्तीला तर्री वाढून देतो. लेन्स कशी पुसायची ते त्यानं तिला शिकवलं, आधी फुंकर, मग ब्रश, मग कापड, शर्टाचं टोक कधीच नाही. मला कधी शिकवलं नाही. मी कधी विचारलं नाही, ते वेगळं. आणि माझा म्हणून एक फोटो त्यानं किती दिवसांत काढला नव्हता. थायरॉईडनं मी सुजले, स्क्रीनपुढं बसून बसून जाड चष्मा लागला. लोकांच्या बायका टिपून हा माणूस घरी येतो आणि मला विचारतो, भाजी काय केलीस.

त्यातच वैष्णवीच्या वडिलांचा फोन आला. सावळीराम आप्पा, सटाण्याचे कांद्याचे व्यापारी, माणूस सरळ. त्यांना आधी थोडा नमुना पाठवला होता.

"ताई, व्हिडिओ लय भारी हाय," ते म्हणाले. "पण एक सांगा, आमच्या पोरीच्या लग्नात ती दुसरी पोरगी कोण हाय? आमची मंडळी म्हणती, लगीन तिचंच वाटतंय."

मी म्हटलं, दुसऱ्या कॅमेऱ्याची क्लिप लावून नीट करून देते आप्पा. फोन ठेवला आणि कानशिलं तापली. म्हणजे हे मला एकटीलाच दिसत नव्हतं. चार लोकांना दिसत होतं.

शेखरला सांगितलं तर त्याचं आपलं तेच. म्हणाला, आपली लेन्स कदाचित बिघडली असेल, द्वारका चौकाजवळच्या दुकानातून दुसरी भाड्यानं आणतो, भारीतली. आणली. ती लावून पुढचं लग्न शूट केलं. मी क्लिपा उघडल्या. चित्र सुरेख होतं, रंग गोड, कडा धारदार, आणि धारदार कोण, तर तृप्ती. सप्तपदीला ती फुलांची परात घेऊन मागून गेली तर कॅमेरा तिच्याबरोबर परातीसकट गेला.

आता लेन्स सुटली. उरली दोनच माणसं.

शेखर ती लेन्स परत करायला निघाला. द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये गेलेला माणूस लवकर परत येत नाही, म्हणून मी तोच मुहूर्त धरला. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला. शेजारच्या सिंधुबाईंना बोलावलं, म्हटलं, जरा पाच मिनिटं खुर्चीवर बसा. त्यांनी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि बसल्या. त्यांच्या मागं दोन हातांवर तृप्तीला बसवलं.

"काय चाललंय ताई?" तृप्तीनं विचारलं.

"टेस्ट. गप बस."

आमची पंच्याऐंशी लावली. छोट्या स्क्रीनवर फोकसची चौकट आली ती थेट तृप्तीच्या तोंडावर. पुढच्या सिंधुबाई धूसर. पस्तीसची लावली, तरी चौकट तृप्तीवर. अपर्चर बारीक केलं, दोघी स्वच्छ दिसायला लागल्या, पण चौकट काही तृप्तीला सोडेना. सिंधुबाईंना आणखी पुढं घेतलं, तरी तेच. आणि आता कॅमेऱ्यामागं शेखर नव्हता. मी होते.

"तृप्ती," मी म्हटलं, "हा कॅमेरा तुलाच का धरतो? खरं सांग."

ती घाबरली. चेहराच उतरला तिचा. "ताई, मला नाही माहीत. कॅमेऱ्यात चेहरे नोंदवता येतात ना. नोंदवलेला चेहरा गर्दीत दिसला की फोकस तिकडंच जातो. आम्ही दर लग्नाला नवरा-नवरीचा नोंदवतो आणि काम झालं की पुसतो."

"मग नवरीवर का राहत नाही?"

"लग्नाच्या दिवशी नवरी हाताला लागत नाही ना, म्हणून आम्ही हळदीलाच नोंदवून ठेवतो. तेव्हा तोंड सगळं पिवळं. दुसऱ्या दिवशी मेकअप, वर मुंडावळ्या लोंबतात. कॅमेरा तिला ओळखतच नसेल, ताई. मग तो पहिल्या नंबरवाल्याला शोधत असेल."

"पहिल्या नंबरवर कोण आहे?"

"माहीत नाही. तो फोटो मी कधी उघडून बघितला नाही. नवरीला दोन नंबर, नवऱ्याला तीन. एक नंबरला दाजी हात लावू देत नाहीत. एकदा मी चुकून पुसायला गेले तर केवढे ओरडले."

झालं. मला वाटलं, हेच ऐकायला मी एवढी खटपट केली. त्यानं हिचा चेहरा आत लपवून ठेवलाय, आणि हिला ते ठाऊकही नाही. बॅग कुठली घ्यायची, माहेरी काय सांगायचं, सगळं त्या एका क्षणात ठरलं. मेनू उघडला. चेहऱ्यांची नोंद. पहिला नंबर.

सिंधुबाई खुर्चीवरून उठून आल्या होत्या. माझ्या खांद्यावरून त्यांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं तृप्ती, तुझाच फोटो की गं."

मोकळे केस, डोळ्यांत हसू, एक पुढचा दात किंचित तिरका. तृप्ती वाकली, बघितलं आणि हळू म्हणाली, "मी नाही ही. ही ताई आहे."

मीच होते. कॅमेरा नवीन घेतला त्या दिवशी सोमेश्वरच्या धबधब्याला गेलो होतो. तो पाण्याकडं कॅमेरा धरायचा सोडून माझ्याकडंच धरत होता आणि मी म्हणत होते, अरे पाणी दाखव, पाणी. तेव्हाच त्यानं नोंदवलं असणार. तेव्हा चष्मा नव्हता. तेव्हा मी हसत होते.

मला रडू आलं, दोघींसमोर आलं, आणि मी ते लपवलं नाही. इतके दिवस मी ज्या चेहऱ्याचा हेवा केला, तो माझाच होता. पोरीवर केवढा राग धरला मी. तिचा हात धरून म्हटलं, "बाई गं, तुझी काही चूक नाही." तिला काही कळलं नाही, तरी तिनं माझे डोळे पुसले.

पण मनातला किडा असा एका फुंकरीनं उडत नाही. मी तृप्तीला तिथंच बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. कॅमेऱ्याचा छोटा स्क्रीन आमच्याकडं वळवला. दोघी एका अंतरावर, एका उजेडात. चौकट जराही न घुटमळता तृप्तीवर जाऊन बसली. मी मान पुढं केली, बाजूला केली. माझ्या नावानं ठेवलेल्या जागेवर कॅमेऱ्यानं तृप्तीला बसवलं होतं, आणि मी त्याला कुणीच नव्हते.

तेवढ्यात शेखर आला. हेल्मेट हातात, घामानं निथळलेला. त्यानं आम्हा तिघींना बघितलं, स्क्रीनवरची चौकट बघितली, आणि त्याला सगळं कळलं.

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे हे असं होतं होय."

"तुला कधी लक्षात आलं नाही?"

"नाही गं. मला ती तुझी बहीण दिसते. कॅमेऱ्याला काय माहीत."

"आणि मी कशी दिसते?"

त्यानं हेल्मेट टेबलावर ठेवलं. सिंधुबाई कुकरची शिट्टी झाली म्हणून निघून गेल्या. शिट्टी काही झाली नव्हती. तृप्ती त्यांच्या मागोमाग गेली.

"माझा चेहरा पुन्हा नोंदव," मी म्हटलं. "आजचा."

"नोंदवतो की." त्यानं पंच्याऐंशी लावली, बटणं दाबली. "पहिला तसाच राहू दे. तुला दोन नंबरवर घेतो."

"दोन नंबरवर मी. मग एक नंबरवर कोण?"

"तूच की."

"ती तुझ्या कॅमेऱ्याला तृप्तीत सापडते, शेखर. मी समोर बसले तरी सापडत नाही."

त्यानं माझा जुना फोटो उघडला, पुसायच्या बटणावर बोट नेलं आणि काढून घेतलं. त्याला तो फोटो पुसवत नव्हता, हे मला दिसत होतं, आणि वाईट वाटावं की बरं, ते मला कळत नव्हतं. शेवटी त्यानं क्रम बदलला. जुना चेहरा खाली, शेवटच्या नंबरवर गेला आणि पहिली जागा रिकामी झाली. मग त्यानं डोळा व्ह्यूफाईंडरला लावला.

मी सरळ बसले. केस नीट केले नाहीत.

"चष्मा काढ ना," कॅमेऱ्यामागून तो म्हणाला. "काचेवर लाईट येतोय."

लाईट येत असेलही. खरंच येत असेल. पण मला तिरक्या दाताची ती मोकळ्या केसांची पोरगी आठवली, आणि मी हात मांडीवरच ठेवले.

"लाईट हलव," मी म्हटलं.

त्यानं डोळा काढून माझ्याकडं बघितलं. मग तो उठला, स्टँड उचलला आणि लाईट हलवला.