के अक्षराचं तिकीट

बून लेंगने तिकिटाचा कागद खिडकीपाशी उजेडात नेला, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि एका अक्षरावर बोट ठेवून तो तसाच उभा राहिला.

"के," तो म्हणाला. "के काढलंय तिने."

स्यू एंग जेवणाच्या टेबलाशी मुगाच्या मोडांच्या शेपट्या खुडत बसली होती. पाठीच्या ऑपरेशनपासून तिच्या खुर्चीला दोन उशा लागत.

"के म्हणजे काय, विमान उडणार नाही?"

"उडेल की. पण तुला तेरा तास बसून जावं लागेल. डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना? आडवं व्हायचं."

"मग तुमचे ते माइल्स कशासाठी आहेत? भरा ना."

"के ला माइल्स चालत नाहीत!"

साधा वर्ग एकच, असं सगळ्या जगाला वाटतं. पण त्यातही पोटजाती असतात आणि प्रत्येकीला एक अक्षर असतं. शेजारी शेजारी बसून दोघं तोच थंड भात खातात, पण वरच्या अक्षराचा माणूस माइल्स भरून पुढे, पाय पसरायच्या सीटवर जाऊ शकतो. स्वस्तातल्या अक्षराच्या माणसाने कितीही माइल्स ओतले तरी तो आपला जागच्या जागी.

हे ज्ञान बून लेंगने फुकट मिळवलं नव्हतं. नातेवाइकांच्या जेवणात बिल आलं रे आलं की तो त्यावर झडप घालायचा, आपलं कार्ड पुढे करायचा आणि मग टेबलाभोवती फिरून सगळ्यांकडून रोख गोळा करायचा. मेव्हणे त्याला कंडक्टर म्हणायचे. त्याने ते हसण्यावारी नेलं. कार्डावरच्या खर्चागणिक विमान कंपनी बक्षीस द्यायची, ते असे साठवलेले माइल्स आता कुठे एका माणसाला झुरिकपर्यंत आडवं नेण्याइतके झाले होते. तो माणूस कोण, हे त्याच्या मनात पहिल्यापासून ठरलेलं होतं.

स्यू एंगला लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं. पेइशानला पुढच्या महिन्यात दिवस भरत होते. महिनाभर तिला तिळाच्या तेलातलं आलं घातलेलं कोंबडीचं कालवण करून घालायचं, थंड पाण्यात हात घालू द्यायचा नाही, वाऱ्यात जाऊ द्यायचं नाही. झुरिकमध्ये हे दुसरं कोण करणार? पण प्रवासातच पाठ धरली असती, तर त्या अवघडलेल्या पोरीलाच आईचं करावं लागलं असतं. या भीतीने बून लेंगची झोप उडाली होती. तो स्वतः जाणार नव्हता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याने विमान कंपनीला फोन लावला. बाई गोड आवाजात म्हणाली, फरक भरून वरचं अक्षर घेता येईल, पण ज्याने तिकीट काढलं त्यानेच ते बदलायला हवं. तिकीट पेइशानने काढलं होतं.

"सांग तिला," बून लेंग फोन ठेवून म्हणाला.

"मी नाही. मला तुमची बाराखडी कळत नाही. भलतंच काहीतरी सांगेन."

"लिहून देतो. वाचून दाखव."

"चष्मा सापडत नाहीये," स्यू एंग म्हणाली. चष्मा तिच्या गळ्यात लटकत होता.

बापलेकीचं बोलणं बंद होऊन सात वर्षं झाली होती. बून लेंगने हॉटेलचा मोठा हॉल ठरवला होता, सगळ्या गणगोताला आमंत्रणं गेली होती, आणि पेइशानने तिकडच्या कचेरीत सही करून लग्न उरकलं. इकडे फक्त फोटो आला. चारचौघांत नाक कापलं गेलं, ते त्याने मनाला लावून घेतलं. तेव्हापासून मायलेकी फोनवर बोलायच्या आणि तो कपाटाआड उभा राहून हवेला सूचना द्यायचा: तिला म्हणावं, भाड्याचं घर सोडू नको. तिला म्हणावं, बर्फात सायकल कसली चालवते! स्यू एंग त्यांचं पोस्ट ऑफिस झाली होती. आज पोस्ट बंद होतं.

बून लेंगने दोनदा घसा खाकरला. मग नंबर दाबला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"मा?"

"मी बोलतोय."



"पा," पेइशान म्हणाली.

"तिकिटाचं काम होतं. तू के काढलंयस." त्याचा आवाज उगाचच कडक झाला. "के वरून पुढची सीट मिळत नाही. त्याला एम लागतं."

"एम, नाहीतर बी," पेइशान म्हणाली. "आणि सीट लगेच मिळाली नाही तर प्रतीक्षा यादीत नाव घालायचं आणि रोज बघत राहायचं. जागा सुटतात."

बून लेंगने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुला कसं माहीत?"

"लहानपणी प्रत्येक जेवणात तुम्ही हेच तर सांगायचात. मासा गार व्हायचा."

स्यू एंग मोड खुडायची थांबली होती.

"आणि काळजी करू नका. फरक भरून उद्यापर्यंत बदलता येतं. तेवढं बघूनच मी तिकीट काढलं. मा ला मी बसवून आणेन का?"

"अगं, मग एवढं सगळं ठाऊक असताना के काढलंसच कशाला?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पेइशान जड अंगाने सावकाश बसली असावी.

"एम काढलं असतं, पा," ती म्हणाली, "तर तुम्ही फोन केला असता?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून मोडांच्या ढिगात काहीतरी शोधत होती आणि तिचे खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे, ते त्याला कळलं नाही. त्याचे स्वतःचे डोळे भरून आले होते. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"पा? आहात ना?"

"आहे," तो म्हणाला. "मा चं एम कर. आणि त्याच विमानाचं आणखी एक काढ."

"कुठलं अक्षर?"

"कुठलंही," बून लेंग म्हणाला. "के चालेल."