मला हातात नाव नव्हतं

जुना म्हणा, गंजका म्हणा, अडगळ म्हणा, पण मित्रांनो, मी टीव्हीचा अँटेना आहे. खाली जड काळी बैठक, तिच्यातून निघालेल्या दोन लांब कांड्या आणि पाठीमागे एक वायर, एवढाच माझा पसारा. स्वभाव मात्र मत्सरी. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. आता तुम्ही म्हणाल, अँटेनाला पोट कुठून आलं? पण दुखतं, त्याला मी काय करू!

हे दुखणं जन्मापासूनचं आहे. कारखान्यात एक बाई नळीत नळी घालून माझ्या कांड्या जोडत होत्या. त्यांनी कांडी दोनदा आतबाहेर केली आणि म्हणाल्या, "वा, काय झकास सरकतेय!" मी हरखून गेलो. तेवढ्यात त्यांनी शेजारचा उचलला आणि त्यालाही तेच म्हणाल्या. झालं, माझा सगळा आनंद तिथेच मावळला.

मला विकत घेतलं ते एका शिंप्याने. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात. बाबांना जन्मापासून ऐकू येत नाही. ते हातांनी बोलतात आणि भरभरून बोलतात. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र, त्याच्या शेजारी टीव्ही आणि खिडकीच्या कट्ट्यावर मी.

त्या घरात प्रत्येकाला बाबांच्या हातात एक नाव होतं. थोरल्या मुलाच्या भुवईवर जुनी खोक आहे, म्हणून भुवईवरून बोट फिरवलं की थोरला. गालावर बोट रुतवून फिरवलं की खळीवाली धाकटी. कानामागे बट सारली की सूनबाई. शिवणयंत्राला नाव होतं, दारात येणाऱ्या उपटसुंभ मांजरालासुद्धा मिशांचं नाव होतं. मला नव्हतं. माझ्याकडे नुसतं बोट दाखवायचे, 'ते' म्हणून. मांजराला नाव आणि मला नाही! राग येणार नाही तर काय होईल?

धाकटी बोलायला लागायच्या आधी हातांची भाषा शिकली. मोठी झाल्यावर त्याच भाषेने तिला नोकरी दिली. शेजारच्या शहरात एक छोटी वाहिनी आहे. तिच्या संध्याकाळच्या बातम्या धाकटी हातांनी सांगते. बातम्या देणारा पडद्यावर मधोमध आणि आमची धाकटी कोपऱ्यातल्या चौकटीत.

बातम्यांची वेळ झाली की बाबा कात्री खाली ठेवायचे, गळ्यातला टेप तसाच राहू द्यायचे आणि खुर्ची ओढून बसायचे. बातम्या संपता संपता धाकटी दोन्ही हात मानेपासून छातीपर्यंत झरकन खाली आणायची. बघणाऱ्याला वाटायचं, पोरगी कपडे नीट करतेय. पण ते बाबांचं नाव होतं, गळ्यातल्या टेपचं. सगळ्या जगासमोर ती बापाला हाक मारायची आणि कुणाला पत्ता नाही! बाबा लगेच गालावर बोट फिरवून ओ द्यायचे. ती ओ तिच्यापर्यंत जात नसे. मी फक्त आणू शकतो, पाठवणं मला जमत नाही.

बरीच वर्षं छान चाललं. मध्यंतरी टीव्हीचं प्रसारण डिजिटल झालं. पूर्वी चित्र बिघडलं की मुंग्या यायच्या, आता चौकोन येतात. माझं काम होतं तेच राहिलं.

मग घरात नवा, भला मोठा टीव्ही आला. "एवढ्या देखण्या टीव्हीशेजारी ही शिंगं कशाला?" असं म्हणत थोरल्याने मला पिशवीत घातलं आणि नवा अँटेना निवडायला दुकानात नेलं. नमुना म्हणून.

दुकानदार हसलाच. "साहेब, हे कुठून उकरून काढलंत? टीव्ही डिजिटल, मग अँटेना नको का डिजिटल?"

अहो, लाट काय माझी जन्मतारीख विचारते? पण माझं कोण ऐकतो! समोरच्या फळीवर एकेक नटवे बसले होते. एक गोल कड्यासारखा, एकाला लुकलुकता दिवा आणि एक नुसता पातळ पुठ्ठा.

"यावर कुठल्या वाहिन्या लागतील?" थोरल्याने विचारलं.

"सगळ्या!" दुकानदार म्हणाला. घर कुठे, प्रसारणाचा मनोरा कुठे, तुम्ही बघता काय, हे ना त्याने विचारलं ना थोरल्याने सांगितलं. "आणि खिडकीला चिकटवला की दिसणारही नाही."

दिसणारही नाही म्हटल्यावर थोरला विरघळला. पुठ्ठा घरी आला.

"अहो, केवढा देखणा आहे!" सूनबाई म्हणाल्या. "नाहीतर ते आपलं. कट्टा पुसायला जावं तर प्रत्येक वेळी केस अडकायचे." आणि बाबांनी काय करावं? काचेवर चिकटलेल्या पुठ्ठ्याकडे बघून तळहात हवेत पसरला आणि दाबला. नाव! घरात पाऊल टाकून चहा गार व्हायच्या आत त्याला नाव मिळालं! जळून माझा कोळसा झाला. वर माझी रवानगी शिवणयंत्राशेजारी, रिळं अडकवायला. एका कांडीवर काळी-निळी, दुसऱ्या कांडीवर पांढरी.

संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून बसले. पुठ्ठ्याने वाहिन्या ढीगभर आणल्या होत्या, पण धाकटीची एक तेवढी नव्हती. थोरल्याने पुन्हा पुन्हा शोधली. पुठ्ठा या काचेवर लावला, त्या भिंतीवर लावला, कपाटावर चढवला. एकदा धाकटी आली, पण चौकोनांत फुटलेली. अर्धी बोटं इकडे, अर्धी तिकडे.

मला उकळ्या फुटत होत्या. बरी जिरली! द्या अजून नाव त्याला!

पुढचे काही दिवस असेच गेले. सूनबाईंनी फोनवर बातम्या लावून दिल्या, पण एवढ्याशा पडद्यावर धाकटीची बोटं बाबांच्या डोळ्यांना दिसेनात. तरी बातम्यांच्या वेळी ते रोज येऊन बसायचे, गळ्यात टेप, समोर रिकामा निळा पडदा. एकदा त्यांनी सूनबाईंना जवळ बोलावलं आणि सावकाश हात हलवले. ते सगळं मला समोरून दिसलं.

'ती आत्ता मला हाक मारत असेल. तिला वाटत असेल, मी बघतोय.'

मित्रांनो, माझ्या उकळ्या तिथल्या तिथे थंड झाल्या. मी जिंकलो होतो आणि बाप हरला होता.

सूनबाई थोरल्यावर उखडल्या. "आणलात ना मोठा निवडून!"

"तूच म्हणालीस ना, देखणा आहे म्हणून?"

"देखणा म्हटलं. कामाचा आहे असं कुठे म्हटलं?" त्यांनी तडक धाकटीला फोन लावला. "अगं, तू दिसतच नाहीस बाबांना. नवा अँटेना आणल्यापासून रोज नुसतेच पडद्यासमोर बसतात."

धाकटीने तिकडच्या इंजिनिअरला विचारून उलट फोन केला. "वहिनी, आमची वाहिनी अजून लांब लाटांच्या पट्ट्यावर आहे. हे चपटे अँटेना बहुतेक आखूड लाटांसाठी केलेले असतात, त्यांना ती नीट पकडता येत नाही. आपला तो दोन कांड्यांचा कुठाय? टाकला नाहीत ना?"

"छे गं! त्याच्यावर बाबांची रिळं बसलीत."

भराभर रिळं उतरली. थोरल्याने मला कट्ट्यावर ठेवलं, वायर लावली, कांड्या ओढून लांब केल्या. खरं सांगतो, इतका घाबरलो होतो! इतके दिवस दुसऱ्याचं वाईट चिंतलं होतं, आता आपलीच फजिती झाली तर?

धाकटी आली. सगळ्या बोटांसकट, खळीसकट आली. बातम्यांच्या शेवटी तिने हात मानेपासून छातीपर्यंत आणले. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी ओ दिली. मग त्यांनी थोरल्याला विचारलं, कोणामुळे? थोरल्याने माझ्याकडे बोट दाखवलं, 'ते'.

बाबांनी मान हलवली. नाही. त्यांनी मूठ वळली, तिच्यातून दोन बोटं फाकवून उभी केली आणि मला दाखवली. मित्रांनो, ते माझं नाव होतं!

पुठ्ठ्याला कुणी हाकललं नाही. थोरल्याने एक जोडणी आणून आम्हा दोघांच्या वायरी एक केल्या. आखूड लाटा त्याच्या, लांब लाटा माझ्या. शेजार नकोसा होता, पण करता काय!

तुम्हीही नवा अँटेना जरूर घ्या. फक्त त्याआधी मनोरा कुठल्या दिशेला आहे ते बघा आणि घरात कोण कुठल्या वाहिनीची वाट बघत बसतं ते विचारा. जुन्यावर रिळं अडकवायची घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी बातम्या संपताना धाकटीने बाबांना हाक मारली आणि पटकन दोन बोटं फाकवून दाखवली. सूनबाईंनी फोनवर सांगितलं असणार. माझं नाव मनोऱ्यावरून निघालं आणि माझ्याच कांड्यांतून घरात आलं. असा मान कुठल्या अँटेनाला मिळालाय, सांगा!

एवढ्यावर संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण बाबांसारखीच तीही भोळी. लगेच तिने तळहात पसरून हवेत दाबला, त्या पुठ्ठ्यासाठी. जीव जळला माझा. पण तिच्या हातांतलं काही गाळणं मला जमायचं नाही. त्याचंही नाव मीच घरात आणलं, एकही चौकोन फुटू न देता.