बिनाडिझेलचा डबा

नागसेनचं कौतुक आइकलं की माह्या पोटात आग लागते. खोटं काहून बोलू? अकोल्यात एकाच गॅरेजात वीस वर्षं आमी दोघायनं गाड्यांवरच्या, माल गार ठेवायच्या डिझेल मशिनी दुरुस्त केल्या. धुरानं दोघांचीबी थोबाडं सारखीच काळी झाली. अन् याले सुचलं, गाडीवर बिनाडिझेलचा गार डबा करायचं!

डब्याच्या भिंतीत चपट्या टाक्या, त्यात मिठाचं पाणी. आदल्या दिवशी सोलरवर ते गोठवायचं, मंग गाडी चालू असताना तोच बर्फ माल गार ठेवते. ना धूर, ना ठकठक. एवढी सोपी गोष्ट मले काहून सुचली नाही, म्हणून तं जीव जास्त जळे.

खुशालरावची डेअरी भातकुलीले, दुकान अकोल्याले जठारपेठेत. त्यायच्या तिन्ही गाड्यांवर माह्याच देखरेखीतल्या डिझेल मशिनी. त्या काढून नागसेनचे डबे बसवायचे का, ते एका खेपेवर ठरणार होतं. भर मे महिन्यात पनीर पाच डिग्रीच्या आत दुकानात पोचलं पाह्यजे. पोचलं तं माह्यं काम गेलं. अन् खुशालराव मलेच म्हणाले, "शेखरराव, तुमी जा सोबत. तुमाले यातलं कळते."

बडनेऱ्याले चहाले थांबलो. नागसेनचा साडू भेटला. "दाखव ना बे त्याले डबा," मी म्हटलं. नागसेननं हरखून दार उघडलं. साडूनं आत हात घातला, "अरे बापरे!" मंग टपरीवाल्यानं घातला. नागसेनची छाती फुगली. गार हवा भसाभस बाहेर येऊन राहिली, हे मले कळत होतं. डिझेलची मशीन निदान पुन्हा गार करायले धडपडते. याच्यात होता तेवढाच बर्फ.

"दोन-तीन खेपा उघडलं तं काय होते?" नागसेन म्हणाला. मी मान डोलावली.

मूर्तिजापूरले मीच हाका मारून माणसं जमवली. "या हो, पाहा आमच्या दोस्तानं काय केलं!" बोरगाव मंजूले बी तेच. एकूण सहा खेपा दार उघडलं. लाज वाटली का? वाटली. थांबलो का? नाही.

जठारपेठेत खुशालरावनं पनीरात थर्मामीटर खुपसलं. नऊ! ते थर्मामीटर पुसत दुकानात गेले.

नागसेन गाडीच्या पायरीवर मटकन बसला. "मिठाचं प्रमाणच चुकलं माह्यं. उद्या डबा तोडून टाकतो. खरा मिस्त्री तूच गड्या."

वीस वर्षं मले हेच आइकायचं होतं. आइकलं अन् टाळकंच सरकलं.

"अबे येड्या! चव्वेचाळीसच्या उन्हात सहा खेपा दार उघडवलं म्या तुह्या हातानं! मुद्दाम! तरी नऊच! माही मशीन दोन लिटर डिझेल पिऊन बी बारावर गेली असती. अन् तू हे तोडतो?"

मागं पाह्यलं तं खुशालराव दुकानाच्या दारात उभे.

नागसेन उठला. मले वाटलं, आता कानाखाली बसते. त्यानं दुकानातून एक कुलूप मागून आणलं, डब्याच्या दाराले लावून पाह्यलं.

"उद्या बर्फ गोठवतो, परवा पुन्हा नेतो," तो खुशालरावले म्हणाला. मंग चावी माह्या हातात देल्ली. "ही तूच ठेव. लोकायले दाखवायचा मोह मले आवरत नाही."

चावी खिशात टाकली. खरं सांगतो, इतका हेवा मले त्याचा उभ्या जन्मात वाटला नव्हता.